शेंदरात बुडालेलं इंजिन

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, ही गोष्ट कधीची ते विचारू नका. राजाराणीच्या काळची म्हणावी तर हिच्यात इंजिन आहे, आणि कालपरवाची म्हणावी तर पाहिलेलं माणूस आता एकही उरलेलं नाही. एका रुंद खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात धाकू नावाचा नाखवा होता, एवढं आपल्याला पुरे.

धाकू होडीतून माणसं पल्याड सोडायचा. होडीवर बापाच्या वेळचं जुनं इंजिन होतं आणि धाकूचा त्याच्यावर भारी जीव. दुसऱ्या कुणाला बोट लावू देईल तर शपथ. इंजिन असताना वल्ही बाळगणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं म्हणून त्याने दोन्ही वल्ही घरी नेली आणि पडवीच्या छपराला टेकू म्हणून लावली. बायको म्हणाली, राहू द्या होडीत, वेळ काही सांगून येत नाही. पण ऐकेल तो धाकू कसला.

त्या गावची एक रीत होती. पावसाळाभर झाकून ठेवलेली इंजिनं नारळी पौर्णिमेला पुसायची, टाकी भरायची आणि इंजिनाला शेंदराचा टिळा लावायचा. मग पहिली खेप पार पडेपर्यंत टाकीचं झाकण उघडायचं नाही. बाकीचे नाखवे बोटभर टिळा लावून मोकळे व्हायचे. धाकूने मात्र त्या वर्षी तेलात कालवलेला शेंदूर ओंजळीने घेतला. इंजिन माखलं, टाकी माखली, झाकणही माखलं. आता याला वेडेपणा म्हणाल तर म्हणा, पण कारण ऐका. त्याची एकुलती एक लेक चांगुणा पल्याडच्या गावात दिली होती. ती पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरले होते. देवाचं काही करायचं राहून गेलं असं नको, एवढंच त्या बापाच्या मनात होतं.

शेंदूर उन्हात वाळून कडक झाला, आणि दुपार कलता कलता पल्याडच्या काठावर बांबूला लाल लुगडं चढलं.

खाडीकाठच्या लेकराबाळांनाही ही खूण ठाऊक होती. पल्याड सुईण नव्हती. एक लुगडं चढलं की सुईणीला घेऊन या. दुसरं चढलं की जिवावरचं आहे, धावा. आणि दोन्ही उतरली, तर बरं झालेलं असो की वाईट, सुईणीचं काम उरलं नाही.

धाकू धावत आवडाबायच्या दारात गेला. आवडाबाय म्हणजे अल्याडची सुईण. अर्ध्या गावाला तिनेच जगात आणलेलं, धाकूलाही. ती हातातलं काम टाकून उठली आणि आली तशी होडीत चढली. धाकूने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं आणि त्याने शेंदराला हात जोडले.

खाडीच्या मध्यावर इंजिन धापा टाकू लागलं आणि बंद पडलं.

धाकूने पुन्हा दोरी ओढली. नुसतीच खरखर. ओहोटी लागली होती. त्याने नांगर टाकला, पण वाळूत तो धरेना. होडी हळूहळू समुद्राकडे सरकू लागली आणि पल्याडचं लुगडं लहान दिसू लागलं.

त्याने प्लग काढला, लोखंडाला टेकवून दोरी ओढून पाहिली. ठिणगी निळी, कडक. म्हणजे तिथे खोट नव्हती. पेट्रोलची नळी काढली, तर आधी धार आली, मग थेंब आले, मग तेही थांबले. त्याने नळीत फुंकर मारली. नळी साफ होती. टाकी तर त्याने स्वतः काठोकाठ भरली होती. मग राहिलं काय? त्याची नजर आवडाबायच्या पायांकडे गेली. घाईघाईत ती वहाणा घालूनच चढली होती.

भीती माणसाला आधी दुसऱ्याचा दोष दाखवते. धाकू तिच्यावर ओरडला. पूजेच्या होडीत पायताण घालून आलीस, म्हणून हे रुसलं, माझ्या लेकीचं काही झालं तर तुझ्या माथी, असं नको नको ते बोलला. आवडाबायला लागलं, पण ही वेळ भांडायची नव्हती. तिने वहाणा काढल्या आणि पाण्यात टाकल्या.

धाकूने नळी बसवली, दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं.

पाहिलंत? आता धाकूची खात्रीच पटली. चूक सापडली असं वाटलं की माणूस शोधायचं थांबतो. होडी जेमतेम काठाच्या दिशेला लागली, तोच इंजिन पुन्हा धापा टाकू लागलं आणि थांबलं.

आणि पल्याड दुसरं लुगडं चढलं.

धाकूने होडीतला नारळ फोडला, पाणी इंजिनावर ओतलं, उरलेला शेंदूर वर थापला. दोरी ओढून ओढून तळहात सोलले. आता इंजिनातून खरखरही येईना. तो तिथेच खाली बसला आणि रडू लागला. होडी वाहत होती.

आवडाबाय उठली आणि इंजिनाजवळ आली. यंत्रातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. तिने फक्त त्या लाल गोळ्याकडे निरखून पाहिलं. घाबरलेल्या आया तान्ह्या बाळाला कशा गुंडाळतात, ते तिने जन्मभर पाहिलं होतं.

"धाकू," ती म्हणाली, "याचं नाक कुठे आहे?"

"इंजिनाला कसलं नाक, बाय?"

"धाप लागते म्हणजे श्वास घेत असेलच ना. मग कुठून घेतं?"

तेव्हा धाकूला आठवलं. बाप सांगायचा, टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक आहे, तिथून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. ते भोक त्याने आपल्या हाताने लिंपलं होतं. नळी काढली तेव्हा तिच्यातून घोटभर हवा टाकीत गेली, म्हणून इंजिन घोटभर चाललं. वहाणांचा काही संबंधच नव्हता.

पण झाकण उघडायचं तर रीत मोडणार. धाकू क्षणभर अडला. मग त्याने बांबूवरची दोन लुगडी पाहिली आणि कोयत्याच्या टोकाने शेंदूर खरवडला. झाकण फिरवताच सूं करून हवा आत गेली. भोक मोकळं करून त्याने झाकण लावलं, दोरी ओढली, आणि इंजिन सुरू झालं ते थांबलं नाही.

होडी पल्याड लागली तेव्हा बांबूजवळ जावई उभा होता. एक लुगडं उतरलं होतं, दुसऱ्याच्या दोरीवर त्याचा हात होता. चांगुणा सुटली होती, पण बाळ रडत नव्हतं. भ्यालेल्या बायकांनी त्याला ऊब मिळावी म्हणून घोंगडीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून ठेवलं होतं. आवडाबाय अनवाणी धावली. तिने घोंगडी दूर केली, बाळाचं तोंड आणि नाक बोटाने साफ केलं, पाठ चोळली. धाकू दाराबाहेर श्वास रोखून उभा होता. आणि आतून टाहो ऐकू आला.

सांज झाली तेव्हा नात धाकूच्या मांडीवर आली. वारा सुटला होता. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, बाळावर घातलं, आणि प्रेमाच्या भरात ते तोंडावरही ओढू लागला. आवडाबायने आपल्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. धाकूने मुकाट्याने उपरणं बाळाच्या हनुवटीखाली घेतलं. मग तो तिच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी नव्या वहाणा घेऊन तिच्या दारात गेला. वल्हीही पडवीतून होडीत परतली, आणि इंजिनाला पुढे जन्मभर बोटभरच टिळा लागला.

ज्याच्यावर जीव आहे त्याला जरूर जपा, पण त्याच्या श्वासाची वाट लिंपू नका.