मुशीचं पोट, गरुडाचं घरटं

"…पण बुवा, दोघांत जास्त क्रूर कोण?"

विचारणारा दिगंबर. खाडीकाठच्या मठातल्या तात्याबुवांचा थोरला शिष्य. त्याचं वाचन दांडगं होतं, आणि ते चारचौघांत दाखवायची हौस त्याहून दांडगी.

शार्कची एक जात असते, वाळूमुशी. तिच्या पोटात आधी वाढलेलं पिल्लू बाकीच्या भावंडांना तिथेच खाऊन टाकतं, असं त्याने वाचलं होतं. ठिपक्यांच्या गरुडाच्या घरट्यात थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारतं, हेही वाचलं होतं.

"तूच सांग," बुवा म्हणाले.

"गरुड. मुशीचं पिल्लू अंधारात असतं, त्याला काय कळतंय? गरुडाच्या पिल्लाला समोर भाऊ दिसत असतो."

"धाकट्याने त्याचं काय वाकडं केलेलं असतं?"

"काहीच नाही. घासात वाटेकरी नको, एवढंच…"

दिगंबर अडखळला.

भिवा त्याचा धाकटा गुरुबंधू. गळा गोड. हल्ली लोक पोथी ऐकायला यायचे ते भिवासाठी. पण 'पाणी' म्हणायचं तिथे त्याच्या तोंडून 'पानी' निघायचं. एकादशीला दिगंबरने भर सभेत त्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. भिवाने पोथी मिटली, झोळी उचलली आणि तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे निघून गेला. त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता.

आपण पोथीची शुद्धता राखली, असं दिगंबर आजवर स्वतःला सांगत आला होता. आता शरमेने त्याचे कान तापले. वर बघवेना.

"आणि आई?" बुवांनी विचारलं.

"मुशीच्या आईला पोटातलं कुठे ठाऊक असतं… गरुडाची आई शेजारीच असते. बघते. अडवत नाही."

दिगंबरने बुवांचे पाय धरले. "मी त्याला शोधून आणतो. सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो. मग तुम्ही द्याल ती शिक्षा…"

बुवांनी पाय मागे घेतले. ते आसनावरून उतरले आणि त्याच्या शेजारी भुईवर बसले. त्यांचीही मान खाली होती.

"बुवा, तुम्ही खाली का…?"

"मला परत वर बसवायचं की नाही, ते भिवाला विचार. त्या दिवशी मी समोरच होतो, दिगंबरा."