दुसऱ्या घरची वाटी

“पिल्लू देणार की नाही, एवढंच सांगा बाबा.”

जालिंदर मास्तर उभ्याउभ्याच विचारत होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते. हेडमास्तरकी संपली, पण ताठा कुठला जातोय!

दावलबाबा फकीर चिंचेखाली बसून कुत्रीच्या अंगावरचे गोचीड काढत होते. पिल्लं तिला लुचत होती. ओढ्याकाठच्या या तकियातलं, म्हणजे फकिराच्या ठाण्यातलं, पिल्लू न्यायचं तर दाम पडत नाही. बाबांच्या प्रश्नांना मात्र तोंड द्यावं लागतं.

“घरच्यांना विचारलंस?”

“घर माझं आहे.”

“अन् ते हगलं-मुतलं, तर ते कुणाचं?”

मास्तरांनी नाक मुरडलं. “शिकवीन त्याला. गावाच्या पोरांना वळण लावलंय मी, कुत्र्याची काय कथा!”

“सुरुवातीला आईसाठी रडतं. झोप मिळायची नाही.”

“पोपटचं कुठं रडलं?”

पोपट म्हणजे मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ. एका घराची दोन घरं झाली, मधे भिंत आली. भिंत मास्तरांनीच घातली. आता भिंतीपलीकडं कोण हसलं, कशाला हसलं, हे कान लावून तेच ऐकत बसतात. एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा बंद.

“चपला फाडील,” बाबा म्हणाले.

“पोपटच्या कुत्र्यानं, त्या बंड्यानं, नाही फाडल्या.”

“फाडल्या की. अनवाणी आला होता इथं पोपट.”

मास्तरांचा चेहरा खुलला. खोटं कशाला सांगू, चांगला खुलला.

“दवाखान्यात नेऊन सुया टोचाव्या लागतात. म्हातारं झालं की उचलून अंगणात न्यावं लागतं. तुझे गुडघे बघ आधी.”

“पोपटपेक्षा बरे आहेत. त्याला तर चार पायऱ्यांत दम लागतो.”

बाबांनी हातातला गोचीड निखाऱ्यावर टाकला. चट् झालं.

“मास्तर, तू पिल्लू मागायला आलायस की पोपटचं गाऱ्हाणं घेऊन?”

मग मात्र मास्तरांचा बांध फुटला.

“काय आहे हो त्याच्यात? मी वर्गात पाऊल टाकलं की अख्खा वर्ग उभा राहायचा. आता घरात शिरलो तर कुणी टीव्हीवरची नजर काढत नाही. आणि तो, दहावी नापास! तो नुसता कोपऱ्यावर दिसला की ते कुत्रं वेडं होतं. गळ्यात पडतं त्याच्या. माझी नात त्या कुत्र्यापायी दिवसभर तिकडं. माझी नात, बाबा! जळतो मी. काय करू?”

“आता खरं बोललास. बस.”

मास्तर बसले.

“वाट्या आणल्यास?”

हा तकियाचा रिवाज. पिल्लू नेणाऱ्यानं दोन वाट्या आणायच्या. एक आपल्या घरची. दुसरी, आपण गावाला गेलो किंवा अंथरुणाला खिळलो, तर जे घर त्याला भाकरी घालील त्या घरची. बाबा दोन्हींत दूध ओततात. पिल्लू दोन्हींतून प्यालं की उचलायचं आणि चालू पडायचं.

मास्तरांनी पिशवीतून दोन वाट्या काढल्या. स्टीलच्या, कोऱ्या करकरीत.

बाबांनी वाट्या उलट्यापालट्या केल्या. दोन्हींवर एकच नाव घातलेलं: जा. रा. काटकर.

“दुसरी कुणाची?”

“माझीच. मला कुणाची गरज नाही. मी कुठं जात नाही.”

“दिवाळीत घराला कुलूप लावून सगळे लेकीकडं पुण्याला गेला होतात. चांगला महिनाभर.”

“तेव्हा कुत्रा नव्हता.”

“आता असेल. भाकरी कोण घालील?”

“समोरचे घाबरतात कुत्र्याला. शेजारचे मुंबईला असतात…”

“मग? नाव घे, मास्तर.”

“मरेन, पण घेणार नाही!”

बाबांनी एक वाटी ठेवून घेतली. दुसरी मास्तरांच्या पिशवीत परत टाकली आणि पुन्हा गोचीड शोधायला लागले. एक तांबडं पिल्लू मास्तरांच्या विजारीचं टोक धरून ओढत होतं. मास्तरांनी ते हळूच सोडवलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तडक निघून गेले.

दिवस मावळायच्या आत परत आले. हातात जर्मलची एक वाटी होती, कडेला दातांनी चावलेली.

“दिली त्यानं?”

“कशाला म्हणूनसुद्धा विचारलं नाही. आत या दादा, चहा टाकतो, म्हणाला. मी उंबऱ्याबाहेरूनच घेतली.”

बाबांनी दोन्ही वाट्यांत दूध ओतलं. तांबडं पिल्लू पुढं आलं. स्टीलची वाटी हुंगली, सोडली, आणि जर्मलच्या वाटीत तोंड खुपसलं.

“बघा! बघा, आत्तापासूनच तिकडं!”

“थांब जरा.”

पिल्लानं ती वाटी चाटूनपुसून साफ केली. मग शेपूट हलवत स्टीलच्या वाटीकडं वळलं आणि तीही रिकामी केली.

बाबांनी त्याला उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. दुधाचं तोंड त्यानं मास्तरांच्या सदऱ्याला पुसलं. मास्तर दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरून बसून राहिले. डोळे भरले होते, पण मन काही निवत नव्हतं.

“बाबा…”

“बोल.”

“मी गावाला गेलो, आणि हे पोपटकडंच रमलं तर? मी बोलावलं तरी त्याच्याच दारात जेवायला बसलं तर?”

बाबांनी दोन्ही वाट्या धुतल्या, एकीत एक बसवली आणि त्यांच्या हातात दिल्या.

“मग तूही तिथंच जेवत जा.”