ग्रोनविकच्या सातेरीचा उंबरा

ग्रोनविकच्या सातेरीच्या देवळात एक नियम आहे. सूर्य उगवत नाही त्या दिवसांत बायकांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, समईला तेल घालायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. ज्ञानदा कुबलला हा नियम सहाव्या वर्षीच पाठ झाला होता. त्याचा शेवटचा भाग मात्र तिला कधी पाळता आला नाही.

हे देऊळ नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राच्या काठावर आहे. पूर्वी ते मासळी खारवायचं गुदाम होतं. तांबड्या फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर आणि दारात काळ्या दगडाचा उंबरा. कोकणात सातेरी वारुळाच्या रूपातच पुजतात; गाभाऱ्यात तिथून तांब्याच्या घागरीत आणलेली वारुळाची माती आहे, तिच्यावर देवीचा मुखवटा, आणि शेजारी कमरेएवढी पितळी समई. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो थेट संक्रांतीच्या सुमारास उगवतो. मधल्या दिवसांत भर दुपारी तासाभराचा निळसर उजेड मिळतो, तेवढाच. त्या दीड महिन्यात पुरुष आत हीटरजवळ आरती म्हणतात, आणि बायका बाहेर बर्फात उभ्या राहून टाळ वाजवतात. येणाऱ्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग देवळाचे थोरले मानकरी दाजीकाका तांडेल त्यांना बसवून घेतात आणि आख्यायिका सांगतात.

असं सांगतात की, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडची आठ खलाशी कुटुंबं इथल्या बोटींवर कामाला आली. गुदाम मिळालं, देवीची माती बसवली, आणि पहिला हिवाळा लागला. सूर्य गेला तो येईना. तेव्हा सगळ्यांनी मिळून नवस बोलला, म्हणे: सूर्य परत येईपर्यंत आम्ही समई विझू देणार नाही, तू आमची माणसं समुद्रावरून सुखरूप आण. रोज एका घराची पाळी ठरली. सातव्या दिवशी पाळी आली अनसूयेची. ही गंगाराम गिरपाची बायको, पंचविशीची, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिने सकाळी समईत तेल घातलं आणि ती घरी गेली. घटकाभरात समई विझली. लोक धावत आले तर आतलं तेल पांढरं पडलेलं, राखेसारखं. त्याच दिवशी समुद्रावर वादळ झालं आणि बोटीवरचे दोघे परत आले नाहीत. एक गंगाराम, दुसरा दाजीकाकांचा थोरला भाऊ सखाराम.

अनसूयेने उंबऱ्यावर डोकं टेकलं. माझ्या हातात खोट होती, ती म्हणाली, काळोखाच्या दिवसांत मी पुन्हा आत येणार नाही. संक्रांतीपर्यंत ती रोज बाहेर उभी राहिली. सूर्याचा पहिला किरण उंबरा ओलांडून आत गेला, आणि समईची वात आपोआप पेटली, म्हणे. तिचं पाहून बाकीच्या बायकाही काळोखात बाहेर राहू लागल्या.

"आणि आजही," दाजीकाका शेवटी म्हणत, "आमच्या बायकांनी तो त्याग सोडलेला नाही."

पाहुणे हात जोडत. एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी येई.

गोष्टीतली अनसूया इथे संपते. खऱ्या अनसूयामावशी त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि कुबलांच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत होत्या. दाजीकाका गोष्ट सांगत तेव्हा त्या उंबऱ्याच्या पलीकडेच असत, चाकांच्या वॉकरला धरून, कानटोपी ओढून. ह्याच त्या, असं पाहुण्यांना कुणी सांगत नसे. त्याही कधी बोलल्या नाहीत. आपल्या हाताने दोन माणसं गेली, असं त्या धरून चालल्या होत्या, आणि दर हिवाळ्याला गावासमोर ते ऐकून घेत होत्या.

ज्ञानदा ट्रॉनहाइमला इंजिनियरिंग शिकत होती. यंदा डिसेंबरमध्ये ती घरी आली तेव्हा मावशी नुकत्याच न्यूमोनियातून उठल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा छातीत थंडी भरली तर निभावणार नाही. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आरतीला जायला कोट चढवला. ज्ञानदाच्या आईने समजावून पाहिलं. मग मानकऱ्यांना विचारून झालं, निदान यंदा मावशींना आत खुर्ची द्या म्हणून. दाजीकाका म्हणाले, व्रत त्यांनी घेतलंय, आपण कोण मोडणारे. आईने मान डोलावली आणि परत आली. ज्ञानदाला डोलावलेल्या मानांचा भयंकर राग होता.

त्या दिवशी मावशींना तिनेच गाडीतून नेलं. वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, तुम्ही समईत कसलं तेल घातलं होतं?

मावशींनी तिच्याकडे वळून पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"खोबरेल. बाकीची घरं तिळाचं घालत गो, मी खोबरेल. आईने आमच्या माडांचं काढून दिलेलं. देवीसाठी म्हणून जपून ठेवलं होतं. चुलीपाशी कोमट करून, शालीखाली धरून नेलं मी."

ज्ञानदाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तेव्हा देवळात हीटर होता का, तिने विचारलं. नव्हता. फळ्यांतून वारा यायचा. आणि तेल थिजलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही?

मावशी म्हणाल्या, आमच्या गावात समईतलं तेल थिजलेलं कुणी पाहिलंय? पांढरं झालं, देवी रुसली, एवढंच सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून खोबरेल त्यांनी घरात आणलं नाही. डोक्यालासुद्धा लावलं नाही.

"मग समई पुन्हा कोणी लावली?"

"दाजीने. दुसऱ्याच दिवशी. दुकानातलं सूर्यफुलाचं तेल घेऊन आला. तेव्हापासून तेच घालतात."

 ज्ञानदाने त्यांना सगळं सावकाश समजावून सांगितलं. खोबरेल किती थंडीत थिजतं, थिजल्यावर वातीपर्यंत का चढत नाही, आणि समई कुणाच्याही हातून अशीच विझली असती. मावशींनी ऐकलं. खरं मानलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. चल, आरतीला उशीर होतोय, एवढंच त्या म्हणाल्या.

देवळात नाशिकचे एकोणीस प्रवासी आले होते. ध्रुवीय प्रकाश पाहायला म्हणून आलेले, चार दिवस नुसते ढग पाहून वैतागलेले. त्यातल्या बायकांना उंबऱ्याबाहेर थांबवल्यामुळे कुजबुज चालली होती. दाजीकाकांचा घसा बसला होता. त्यांनी ज्ञानदाला खुणेने दाराशी बोलावलं आणि म्हणाले, तू शिकलेली आहेस, तुझं बोलणं स्वच्छ आहे, आज तू सांग. कमी-जास्त काही नको.

उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिने सांगायला सुरुवात केली. आठ कुटुंबं, गुदाम, नवस, सगळं दाजीकाका सांगत तसंच. अनसूयेची पाळी आली तेव्हा तिने एक शब्द जास्तीचा घातला. समईत खोबरेल घातलं, ती म्हणाली.

नाशिकच्या पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या पटकन म्हणाल्या, अहो, मग ते थिजलं असणार. आमच्याकडे जानेवारीत बाटली उन्हात ठेवावी लागते.

दोघेतिघे हसले. आत हीटरजवळ बसलेले मानकरी हसले नाहीत. दाजीकाकांनी हाताने खूण केली, पुढे चल.

ज्ञानदा पुढे गेली. वादळ सांगितलं, दोघांची नावं सांगितली, बाहेर उभी राहिलेली अनसूया सांगितली. मग थांबली.

"शेवटचं राहिलं," दाजीकाका बसक्या आवाजात म्हणाले. "आजही."

"ते मी सांगणार नाही," ज्ञानदा म्हणाली. "तेल थंडीने थिजलं, काका. बोट वादळात बुडाली. आणि आज अनसूयामावशी इथे माझ्या शेजारी उभ्या आहेत, आजारातून उठून."

पाहुण्यांच्या माना वळल्या. मावशींनी नजर खाली घातली.

दाजीकाकांच्या शेजारचे मानकरी म्हणाले, पोरी, पाहुण्यांसमोर शोभत नाही, आपण हे नंतर बसून बोलू. नंतर बसून बोलू हे ज्ञानदा सहा वर्षांची असल्यापासून ऐकत होती. तिने मावशींच्या वॉकरची पुढची दोन चाकं उचलली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली. मग स्वतः आत आली.

"मागे हो," दाजीकाका म्हणाले.

"नाही होणार. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. मला नियम सांगायचा असेल तर आधी एवढंच सांगा, दुसऱ्या दिवशी तुम्ही तेल का बदललंत?"

दाजीकाका उठायला गेले आणि अर्धवट उठून तसेच राहिले. तेव्हा बाहेरून मावशी बोलल्या, अगदी हळू.

"दाजी, तुला ठाऊक होतं?"

तेल का बदललं ते दाजीकाकांना ठाऊक होतं; तेव्हा ते वीस वर्षांचे होते, आणि त्यांचा भाऊ गेला होता. हे दोन्ही त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी शेजारच्या दोन्ही मानकऱ्यांकडे पाहिलं. एकाने उपरणं सारखं केलं, दुसऱ्याने चष्मा काढून हातात धरला. मावशी वॉकरची मूठ धरून वाट पाहत होत्या.