रणधवल महाराजांच्या सात खिडक्या

दुपार कलली की रणधवल महाराज सिंहासनावर भाजू लागत.

दोष सूर्याचा नव्हता. महाराजांनी तळ्याकाठी नवा दरबार बांधला, त्याला पश्चिमेकडे हत्ती आरपार जाईल एवढ्या सात खिडक्या ठेवल्या आणि त्यांना दूरदेशीच्या व्यापाऱ्यांकडून आणलेल्या काचा बसवल्या. सिंहासनावरून तळं दिसे, बगळे दिसत, पलीकडचे डोंगर दिसत. आणि तिसऱ्या प्रहरी काहीच दिसत नसे! नुसता लखलखाट. मुकुट असा तापे की त्यावर पापड भाजून निघावा.

"महाराज, काय ही सुखद ऊब!" घामाने निथळत दरबारी म्हणत. "इतर राजांच्या नशिबी कुठली!"

राजवैद्यांनी एकदा भीत भीत सुचवलं, "सिंहासन जरा भिंतीकडे सरकवलं तर?"

"राजा सरकत नसतो!" महाराज गरजले. "सूर्याला सरकायला सांगा!"

मग शिल्पशास्त्र्यांचे एकेक उपाय सुरू झाले. मखमली पडदे लावले. गारवा आला, तळं गेलं. वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडलं. सुगंध आला, तळं गेलं आणि महाराजांना पडसं झालं. शेवटी काचांना काजळी फासली. त्या दिवशी अंधारात महाराजांनी शेजारच्या राजाच्या वकिलाला सेवक समजून पाय चेपायला सांगितले. बिचाऱ्याने चेपले, म्हणून लढाई टळली.

महाराजांनी हुकूम सोडला, "ऊन आत येता कामा नये, तळं नजरेआड होता कामा नये. सिंहासन हलणार नाही आणि खिडकी झाकली जाणार नाही. उपाय शोधा, नाहीतर दिवाणगिरी सोडा!"

दिवाण विसाजीपंतांनी उपाय शोधला. दिवाणगिरीवर आलं की त्यांची बुद्धी फार चाले.

"महाराज, खरा गुन्हेगार तळं आहे! आकाशात सूर्य एकच, पण पाण्यातून त्याचा जुळा भाऊ डोळ्यांवर येतो. बांध फोडू, तळं रिकामं करू. त्रास निम्मा!"

"आणि देखावा?"

"चित्रकाराकडून भिंतीवर काढून घेऊ. ते तळं उन्हाळ्यात आटतही नाही."

वैतागलेले महाराज म्हणाले, "फोडा!"

तळ्याच्या काठीच बुरूडवाडा होता. त्या पाण्यावर बांबूची बेटं वाढत, त्याच पाण्यात कामट्या भिजत. कुदळवाले बांधावर चढले तेव्हा धोंडबा बुरुडाची लेक गोजरा सूप विणत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, तळ्याला आठ दिवस द्या. एक खिडकी मी ठीक करून दाखवते."

"नऊ शिल्पशास्त्री हरले," विसाजीपंत हसले, "आता टोपल्या विणणारी शिकवणार!"

"शास्त्रीबुवांनी काजळी फासली, पंत. त्याहून वाईट मी काय करणार?"

महाराजांच्या मिशा हलल्या. "आणि जमलं नाही तर?"

"तर बांधावर पहिली कुदळ मी मारीन."

महाराजांनी मुदत दिली. त्याच दिवशी तिने बांबू फोडायला घेतला. गवताच्या काडीएवढ्या बारीक कामट्या काढल्या, दोन कामट्यांत किंचित फट ठेवून दोऱ्याने गुंफल्या. बाहेरची बाजू तशीच पिवळट ठेवली. आतल्या बाजूला मात्र हिरडा आणि लोखंडाच्या पाण्याचा काळा रंग चढवला.

"काळा कशाला, पोरी?" धोंडबा कळवळला. "राजाघरचं काम! जरा लाल, पिवळा..."

"बाबा, रंग चमकला तर नजर त्यातच अडकेल. आपल्या दाराचा पडदा चुलीच्या धुराने काळा पडलाय, म्हणून तर आत बसून सगळा रस्ता दिसतो!"

नवव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिने तो पडदा सिंहासनासमोरच्या मधल्या खिडकीला टांगला, आणि तोही काचेच्या बाहेरून.

"बाहेरून का?" महाराजांनी विचारलं.

"चोर घरात शिरल्यावर दार लावून काय उपयोग, सरकार? ऊन काचेवर पोचायच्या आधीच अडवायचं."

महाराज सिंहासनावर बसले. समोर तळं होतं. बगळे होते. डोंगर होते. लखलखाट तेवढा नव्हता. त्यांनी मुकुटाला हात लावून पाहिला. गार! कितीतरी दिवसांनी त्यांनी डोळे पूर्ण उघडले.

"आज्ञाभंग!" विसाजीपंत ओरडले. "खिडकी झाकायची नाही, असा हुकूम होता. हा पडदा आहे! खिडकी झाकली आहे!"

महाराजांचा चेहरा उतरला. हुकूम म्हणजे हुकूम, आणि तोही स्वतःचाच. गोजरा म्हणाली, "पंत म्हणतात तसंच असेल. पण पंत, तुमचे कुदळवाले आठ दिवस बांधावर बसून आहेत. जरा बघता, काय करताहेत?"

विसाजीपंत तावातावाने त्याच खिडकीशी आले, वाकून पाहू लागले आणि भडकले.

"काय करताहेत? लोळताहेत! चौघं सोंगट्या खेळताहेत! आणि तो मुकादम, माझा सख्खा मेव्हणा, पगडी उशाला घेऊन घोरतोय!"

"अगंबाई!" गोजरा म्हणाली. "झाकलेल्या खिडकीतून घोरणंसुद्धा दिसतं?"

महाराज एवढे हसले, एवढे हसले की त्यांना सिंहासनाचे दोन्ही हात धरावे लागले. मग दरबारीही हसले. आज त्यांना हसू खरोखरच आलं.

"तळं राहील!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "काठावरची सगळी बांबूची बेटं आजपासून बुरूडवाड्याची. उरलेल्या सहा खिडक्यांचं कामही तुझंच. आणखी काय हवं, माग!"

"बांधावरची माणसं द्या, सरकार. बांबू तोडायचाय, आणि त्यांची झोपही झालीय."

"दिली! आणि त्यांच्यावर देखरेखीला आमचे दिवाणजी जातील. आत्ताच!"

विसाजीपंत रणरणत्या उन्हात निघाले. ते बांधाच्या पार टोकाला पोचेपर्यंत महाराज गार सावलीत बसून त्यांना पाहत होते आणि हसत होते.