सालोमीचा लांब दोर

आपल्या घायतळ्याच्या नदीला पूल नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. मंगळवार होता. बाया धुणं वाळत घालत होत्या, कुणाची तरी म्हैस सुटली होती, आणि तेवढ्यात तालुक्याहून निरोप आला की देवळाची घंटा आली. बारा दिवसांनी हंगामाचा सण होता. त्या दिवशी घंटा वाजवायची, असं पंचांनी ठरवून टाकलं.

घंटेला दोर हवा. सालोमीचा नवरा इशाय वैशाखात वारला होता. घंटेचा दोर आपल्या घरचा असावा, हे त्याच्या फार मनात होतं. म्हणून सालोमीने ते काम मागून घेतलं.

दोर वळताना एक जण फिरकी फिरवतो आणि दुसरा वाख, म्हणजे घायपाताचे धागे, जोडत मागे मागे चालत जातो. चालणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही, माप फिरकीवाल्याने धरायचं. सालोमी अठ्ठावीस वर्षं मागे चालली होती आणि इशायने "बस, सालोमे!" म्हटलं की थांबली होती. या वेळी फिरकीवर नणंद होती. तिला हे ठाऊक नव्हतं. सालोमी हाकेची वाट बघत चालत राहिली. गोठा ओलांडला, चिंच ओलांडली. असं म्हणतात की टाचा नदीत बुडाल्या तेव्हाच ती थांबली. तीन-साडेतीन दोरांचा वाख एका दोरात संपला होता.

शनिवारी देवळाचे वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, अहरोनभाऊ माप घ्यायला आले. हवा होता वीस हात, भरला सत्तर.

"वहिनी, घंटा देवळात टांगायची का स्वर्गात?"

माणसं हसली. नणंद फणकारली, "मला कुणी सांगितलं व्हतं का, बस म्हन म्हनून?"

"म्हणणारा गेला, भाऊजी," सालोमी म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

"सोमवारी कापू," अहरोनभाऊ हळूच म्हणाले. "उद्या प्रभूचा वार. कोयता चालवायचा नाही."

रविवारी सकाळी पलीकडच्या वस्तीची माणसं उपासनेसाठी नदीच्या उथळ उतारातून येत होती. आपल्याकडे ऊन होतं, पण डोंगरात पाऊस झाला होता. पाण्याचा लोंढा आला आणि नऊ माणसं मधल्या खडकावर अडकली. दोघींच्या कडेवर लेकरं होती. गावाने घरोघरचे दोर गाठी मारून जोडले, पण त्या धारेत गाठी सुटल्या. तेव्हा सालोमीने आपला दोर आणला. एक टोक चिंचेला बांधलं, दुसरं अहरोनभाऊंनी कमरेला बांधून उडी घेतली. खडकाला दोन वेढे बसले आणि एक वीत दोर उरला. नऊच्या नऊ माणसं आणि दोन्ही लेकरं दोर धरून काठाला आली. शेवटचं माणूस काठाला लागलं तेव्हा सालोमीला एक हाक ऐकू आली, असं म्हणतात. कुणाची, ते तिने सांगितलं नाही.

खडकाने दोर झिजून गेला, नवा वळायला वाख उरला नव्हता. सणाला घंटा वाजली नाही.

"आपण घंटेचं ठरवलं होतं," अहरोनभाऊ देवळात म्हणाले, "प्रभूने माणसांचं ठरवलं होतं."

एक बाई म्हणाली, "म्हनूनच देवाने इशायला नेलं असंल."

"तसं बोलू नको, बाई," सालोमी म्हणाली. "त्याला का नेलं, ते प्रभूला ठाऊक. दोर का वाढला, तेवढंच मला कळलं."

तेव्हापासून घायतळ्यात लग्नाची तारीख धरताना, पेरणीचा दिवस ठरवताना, "पुढचं माप त्याचं" असं म्हणायची रीत पडली. सणाच्या आदल्या शनिवारी सारा गाव मिळून एक दोर वळतो. त्याला माप धरत नाहीत. वाख संपेल तिथे थांबतात आणि दोर नदीकाठी ठेवतात.

आता पूल झाला आहे. पुलावर सालोमीच्या नावाचा दगड बसवायचं पंचांनी अकरा वर्षांपूर्वी ठरवलं. तो अजून बसवलेला नाही.