चुन्याची शाल

त्या दिवशी आभाळ सकाळपासून राखेच्या रंगाचं होतं. पाऊस सरला होता, पण ऊन काही पडत नव्हतं. समुद्रावरून खारा, ओला वारा येत होता आणि सुताला लावलेली खळ बोटांना चिकटत होती. ही गोष्ट फार जुनी आहे, बरं का. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

खाडीच्या तोंडाशी ते गाव होतं. गावाबाहेर टेकाडावर एक लहानसं प्रार्थनाघर होतं. आत दगडी क्रूस. वादळातून वाचलेल्या कोळ्यांनी तो तिथे उभारला होता, असं म्हातारी माणसं सांगत. गावात इनास नावाचा एक म्हातारा विणकर होता. अंगावर घ्यायच्या शाली तो विणायचा, आणि प्रत्येक शालीच्या पदराला लाल सुताचा छोटा क्रूस असायचा.

त्या शालीची एक रीत होती. विणणावळ म्हणून कुणी तांदूळ देई, कुणी सुके बोंबील. पण शाल हातात मिळायची ती प्रार्थनाघराच्या भिंतीपाशीच. आधी एक दिवस तिथे राबायचं. शिंपले भाजायचे, चुना कालवायचा, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली भिंत लिंपायची. मग त्याच चुन्याच्या हातांनी शाल घ्यायची. त्यामुळे गावातल्या प्रत्येक शालीवर पांढऱ्या बोटांचे ठसे असत. शाल जाडीभरडी होती, पण भिंत उभी होती.

मग इनासची बायको गेली. तिला त्याच भिंतीच्या आडोशाला पुरलं. घर रिकामं झालं. मागाचा खटखटाट थांबला, की इनासला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

एकदा खाडीपलीकडची एक बाई शाल मागायला आली. ओटीवर बसली, तासभर बोलली. जाताना म्हणाली, “इनासबाबा, आज शाल नेऊ द्या की! भिंतीचा दिवस मी मागून देईन.”

इनास ‘हो’ म्हणाला. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्या ओटीवर इतका वेळ बसलं होतं!

ती बाई परत आली नाही, पण तिचं ऐकून दुसरी आली. मग तिसरी. माणसं यावीत म्हणून इनास शाली अधिकाधिक तलम विणू लागला. दुधासारख्या पांढऱ्या शाली, पदराला लाल रेशमाचा क्रूस. भिंतीची आठवण तो कुणालाच करून देईना. आठवण करून दिली आणि माणूस तुटला तर? ओटी भरू लागली. पण शाल हातात पडली, की माणूस चपला घालून चालू लागायचा.

शेजारची कातरीन मासळी विकायची. तिची जीभ कोयत्यासारखी. कुंपणावरून ती म्हणायची, “इनास, तू शाली विणतोस की माणसं धरायचं जाळं?”

“येतात गं माणसं, बसतात.”

“येतात रे. पण तुझ्या जाळ्याची भोकं फार मोठी आहेत!”

असे पाच पावसाळे गेले. आणि त्या राखेच्या रंगाच्या दिवशी, सणासाठी सारं गाव टेकाडावर चढलं, तर समुद्राकडची भिंत आडवी झालेली. दगडी क्रूस उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात. इनासच्या बायकोच्या थडग्यावर दगडांचा ढीग.

सगळे पांढऱ्या शाली घेऊन उभे होते. बगळ्यांचा थवा उतरावा तसं टेकाड दिसत होतं. कुणाचे डोळे भरले, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली.

इनास म्हणाला, “चला रे, दगड तरी बाजूला करू.”

सगळ्यांनी आपापल्या अंगाकडे पाहिलं. पाटील हळूच म्हणाले, “आज सण आहे बाबा. आणि शाल डागळेल हो. तुमच्याच हातची आहे ना!”

ज्या शालीने माणसांना तिथवर आणायचं, तिनेच त्यांचे हात बांधले होते, आणि ती गाठ इनासनेच मारली होती.

माणसं उतरून गेली. इनास घरी आला. पेटी उघडून बायकोची जुनी शाल काढली. चुन्याने पुठ्ठ्यासारखी ताठ झालेली. ती कमरेला गुंडाळून तो परत टेकाडावर गेला.

आठ दिवस तो एकटा राबला. आधी थडगं मोकळं केलं, मग दगड रचू लागला. वाटेने जाणारे खालूनच हाका मारत, “शाबास इनासबाबा!” आणि पुढे जात. दिवसभर सोबतीला वारा, आणि दुसरं कुणी नाही.

नवव्या दिवशी कोपऱ्याचा दगड त्याला उचलवेना. तीनदा हात घातला. मग तो थडग्याशेजारी बसून राहिला.

तेवढ्यात कातरीन टेकाड चढून आली. तिच्याही अंगावर इनासने विणलेली तीच दुधासारखी पांढरी शाल. तिने ती सर्रकन ओढली, पिळली, तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर चुन्याची ओली पाटी घेतली.

“अगं कातरीन, रेशीम आहे ते!” इनास ओरडला.

“असू दे. तो दगड तिकडून धर. आणि रडत बसू नकोस, चुना वाळतोय.”

दोघांनी मिळून दगड बसवला. दिवस बुडेपर्यंत भिंत कमरेइतकी झाली, आणि महिनाभरात पुरी. त्यानंतर इनासने पुन्हा जाड्याभरड्या शाली विणल्या आणि त्या भिंतीपाशीच दिल्या. घेणारे थोडेच उरले. ओटी पुष्कळदा रिकामीच असे. पण क्रूसावर पुन्हा वारा आला नाही.

दगड बसवला त्या पहिल्या सांजेला कातरीनने डोक्यावरची चुंबळ सोडली होती. शालीवरून चुन्याचे ओघळ थेट लाल क्रूसापर्यंत आले होते. इनास खाली मान घालून म्हणाला, “तुझी शाल वाया गेली गं.”

तिने ती झटकली, खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “वेड्या, अंगावर मिरवला तो नुसता रेशमाचा धागा, ओझ्याखाली घेतला तोच क्रूस.”