भरवशाची गाडी

"...ते सगळं राहू द्या बाबा. मला एकच सांगा, कुठल्या कंपनीची गाडी भरवशाची?"

अमीनबाबा निखाऱ्यावरची राख फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, बोला ना!"

दौलतराव काटकर म्हणजे खडीच्या क्रशरचे मालक. पंचक्रोशीत त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही, त्यामुळं स्वतःचा आवाज किती चढलाय हे त्यांना आताशा कळेनासंच झालेलं. आज तर गडी घरातूनच पेटून निघाला होता.

खिंडीतल्या या पिराला वाहनवाल्यांचा मोठा मान. नवी गाडी घेतली की पहिली इथं आणायची. अमीनबाबा फकीर तिच्याभोवती उदाचा धूर फिरवणार, आणि मगच ती रस्त्याला लागणार. दौलतरावांनी आजवरच्या सगळ्या गाड्या इथूनच नेल्या. आजची नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली, ओट्यासमोर उभी होती. तिच्यामागं एक ट्रकवाला आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत होता.

"आधीचीला काय झालं रं?" बाबांनी विचारलं.

"विकली! येईल त्या भावात फुंकून टाकली. तिचं नाव काढू नका माझ्यासमोर."

"का? चांगली होती की."

"चांगली?"

दौलतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चांगली म्हणता तिला? आईला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायला पाठवली होती. भर माळावर बंद पडली! चैत्रातलं ऊन, आसपास चिटपाखरू नाही. ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेला तो गेलाच. म्हातारी बाई, एक डोळा आधीच गेलेला... दुपारभर बाभळीखाली बसून राहिली. दिवस कलल्यावर कुणा ऊसवाल्यानं ट्रॅक्टरवर घालून घरी आणली."

बाबांनी निखारे वरखाली केले.

"आता दुसरा डोळाही चाललाय. डॉक्टरांनी उद्याची तारीख दिलीय. म्हणाले, आणखी लांबवाल तर हाही जाईल, मग कुणाच्या हातात काही नाही. आणि आई काय म्हणते? तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही! एस.टी.नं जाईन म्हणते. धड दिसत नाही, आणि वाटेत दोनदा एस.टी. बदलून जाणार. पोराच्या दारात गाड्यांची रांग, आणि आई स्टँडवर उभी. लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"लोकांचं राहू दे."

"बरं, राहिलं! पण डोळा गेला तर?"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. पण घाबरलं की काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो चिडायचा.

"तुमचा शब्द आई मोडत नाही," दौलतराव म्हणाले. "ही गाडी भरवशाची आहे, एवढं तिला सांगा. झालं. आणि मी काही अशीच उचलून नाही आणली. सगळ्या कंपन्या पालथ्या घातल्यात."

"अस्सं?"

"मग! जपानी गाडी घ्या. इंजिन असं की चालू आहे का बंद, कळत नाही. पण पत्रा? बोटानं दाबला तरी पोचा पडतो. जर्मन घ्या. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज येतो. पण एक दिवा पेटला की शोरूमची पायरी चढा, आणि तिथला पोरगा म्हणणार, साहेब, पार्ट परदेशातून येतोय. बसा वाट बघत! आमचा मेहुणा कोरियन गाडीच्या प्रेमात. पडदा भला मोठा, छत उघडतं, सीट वारा मारते. अरे, पण मला काय छतातून चांदण्या मोजायच्यात? आपली देशी गाडी घाटाला दमदार, मान्य आहे. पण खड्ड्यात गेली की जेवलेलं वर येतं..."

कंपन्यांचा विषय निघाला की दौलतरावांना अडवणं अवघड. गेले पंधरा-वीस दिवस त्यांनी घरादाराचं डोकं उठवलं होतं. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांना गाठून विचारलं, गॅरेजवाल्यांना घरी बोलावून चहा पाजला, रोज जेवताना मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ लावले. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना तर फाटकात अडवून गिअरबॉक्स समजावून सांगितला. बिचारी हो हो म्हणत उन्हात उभी राहिली.

"आणि सगळ्यांत कमी बंद पडणारी कुठली," दौलतराव बोनेटवर थाप मारून म्हणाले, "तर ही! डोळे झाकून बसावं अशी."

बाबा उठले. ऊददाणी हातात घेऊन गाडीपाशी गेले. पुढून बघितली, मागून बघितली. आणि तशीच ऊददाणी घेऊन परत ओट्यावर येऊन बसले.

"नाही दाखवणार."

"काय?"

"हिला ऊद नाही दाखवणार. हटव दारातनं."

ट्रकवाला चपापून दोन पावलं मागं सरला. दौलतरावांना कुणी हटव म्हटल्याला बरीच वर्षं झाली असतील.

"का पण? हिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्या दिवशी म्हातारीनं माळावर काय केलं?"

"काय करणार? बसून राहिली. सांगितलं ना."

"नुसती बसली?"

"...फोन केला."

"कुणाला?"

"मला. दुसऱ्या कुणाला करणार? तिला नंबर लावता येत नाही. मीच तिच्या फोनमध्ये करून ठेवलंय, एकचं बटण दाबून धरलं की मला लागतो."

"मग? नाही लागला?"

"न लागायला काय झालं? हा फोन बघा. याच्यावर दुसरा फोन बाजारात नाही. खाणीत उतरलो तरी रेंज असते."

"म्हणजे वाजला."

दौलतरावांचा फोन दाखवणारा हात खाली आला.

"...वाजला."

"नीट वाजला?"

"हो."

"एकदा?"

दौलतरावांनी गाडीच्या काचेवर नसलेली धूळ रुमालानं पुसली.

"दुपारभर?"

दौलतरावांनी रुमाल खिशात कोंबला.

"बघू तो इकडं."

मागितला म्हणून त्यांनी फोन दिला. बाबांनी तो डाव्या तळहातावर ठेवला. उजव्या हातानं निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला, आणि नव्या गाडीला करतात तसा तो धूर फोनभोवती फिरवला. अगदी निगुतीनं. चारी बाजूंनी.

ट्रकवाला फिस्सकन हसला. दौलतरावांनी वळून बघताच त्याचं हसू पळालं.

"हे काय चालवलंय?"

"ऊद दाखवतोय," बाबा म्हणाले. "चीज भरवशाची आहे."

आता मात्र कहर झाला. दौलतराव ओट्याची पायरी चढून बाबांच्या अंगावरच आले.

"थट्टा करता माझी? माझी! लहानपणापासून या ओट्यावर डोकं टेकवत आलोय, म्हणून ऐकून घेतो, दुसरा कुणी असता तर... मी काय मुद्दाम केलं? कामात होतो मी! समोर मोठी माणसं बसलेली, टेंडरचं बोलणं चाललेलं. फोन टेबलावर पालथा घातला. सगळेच घालतात! वाजेल तो फोन उचलत बसलो तर धंदा कुणी करायचा? आईला काय कमी केलं? गाडी दिली, ड्रायव्हर दिला, गार हवा दिली. बंद पडली ती गाडी! मी नाही! माणसानं आणखी काय द्यायचं?"

बाबांनी फोन त्यांच्यापुढं धरला.

"ओरडू नको. लाव तिला. मी बोलतो."

"सांगाल? गाडीत बस म्हणून?"

"तू लाव तर."

दौलतरावांनी रागारागानं बोट आपटून फोन लावला. बाबांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. खिंडीत घंटी वाजू लागली. वाजत राहिली. वाजून बंद झाली.

त्यांनी पुन्हा लावला.

"घरीच असते ती. फोन गळ्यातच अडकवलेला असतो."

पुन्हा वाजून बंद झाला.

"लागत नाही?" बाबांनी विचारलं.

"लागतोय हो! वाजतोय ना, ऐकताय तुम्ही!"

तिसऱ्यांदा लावताना दौलतरावांचं बोट घसरलं. पडली तर नसेल? न्हाणीघरात पाणी सांडलेलं असतं, हिला दिसत नाही... गॅस चालू ठेवून कुठं बाहेर... परड्यात तो उघडा हौद... नको नको ते डोक्यात यायला लागलं. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायला लागले. स्पीकर चालूच होता, तरी कानाला लावलेला.

"उचल गं... उचल की..."

वाजतोय. वाजतोय.

"आई, उचल!"

बंद.

मग त्यांचा बांध फुटला. रडू येत होतं की राग, त्यांचं त्यांनाच कळेना.

"असं कुठं असतं का हो? समोर घंटी वाजतेय आणि उचलू नये? इकडं माणसाचा जीव टांगणीला लागलाय, नाही नाही ते मनात येतंय, आणि तिला त्याचं काहीच नाही? एवढं करते तरी काय ती?"

बाबांनी निखाऱ्यावर हळूच फुंकर घातली.

"कामात असेल," ते म्हणाले.